पिठाच्या डब्यामागची सुरी

मंगळवार, संध्याकाळची पंगत उठल्यावर

आज अक्षयचा वाढदिवस. टोळी सोडून, तुरुंगातून सुटून तो माझ्या चाकणच्या खाणावळीत कामाला लागला, त्याला पावसाळा उलटून गेला. जेवायला येणारी कंपनीतली पोरं केक घेऊन आली. बरं वाटलं मला. तेवढ्यात एकजण हसत म्हणाला, "भावा, कोयत्यानं कापणार का? तुमच्यात भर रस्त्यात तसाच कापतात ना?"

अक्षय खाली बघत राहिला. मी घाईनं म्हणाले, "थांबा, सुरी आणते," आणि तिथंच अडकले. सुरी तर मीच रोज पिठाच्या डब्यामागे लपवते. त्याच्यासमोर कशी काढू?

तोच उठला. सरळ डब्यामागून सुरी काढली आणि मूठ माझ्याकडे करून पुढं धरली. हळूच म्हणाला, "पहिल्या आठवड्यापासून माहितीये, काकू. म्हणून तर कोथिंबीर हातानं तोडतो. तुम्हाला धास्ती नको." मग म्हणाला, "लहान पोराचा धरतात तसा हात धरा ना माझा. घरी कधी केक आलाच नाही."

धरला. चेष्टा करणाऱ्यानंच त्याला पहिला घास भरवला. सगळं गोड झालं, मग मला चैन का नाही? निदान चिडायचं तरी होतंस रे माझ्यावर!

आत्ता आठवलं. आवरताना सुरी मी परत डब्यामागेच ठेवली. हात आपोआप गेला. उठते. सकाळी कोथिंबीर यायच्या आत ती ओट्यावर हवी.