पडवीतली हिवाळी चाकं

॥ श्री ॥
मार्गासनीच्या पुढं, ता. वेल्हे
दसऱ्यानंतरचा शनिवार

बावीस वर्सं माज्या पाठीमागं उभं राहून घंटी मारणारे आन् आता सातासमुद्रापल्याड मुक्कामी गेलेले आमचे कंडक्टर अमृतराव यांस सावळाराम डायवरचा स्टेअरिंगवरचे दोन्ही हात सोडून नमस्कार. (पयल्या वळीतलं 'राव' मानापुरतं. हितनं पुढं तू अमृताच.)

हितं समदं बरं हाय. तुज्या वहिनीचा गुडघा अमावस्या-पुनवेला बोलतो, बाकीचे दिवस ती सोता बोलती. म्हैस व्याली, रेडी व्हावी म्हणून वहिनीनं नवस केला होता, रेडा झाला. तुजी तब्येत कशी हाय? गायत्रीला आन् जावईबापूंना आशीर्वाद सांग, नातवंडांचा पापा घे, आन् तितल्या थंडीला माज्या वतीनं दोन शिव्या घाल. फोन करत न्हाई म्हणून राग मानू नको. कॅनडाच्या लाईनीतच काय तरी खोट हाय, तुजा आवाज पार विहिरीच्या तळातनं आल्यागत येतो. (सूनबाई सोनिया म्हणती तिला चांगला येतो. तिचं कान तरणं, तिचं काय.) म्हणून म्हटलं, सरळ कागद घ्यावा. कागदाला दोनदा इचारावं लागत न्हाई.

घटस्थापनेच्या आधी तू मोबाईलवर धाडलेला व्हिडिओ मिळाला. तू कानटोपी घालून उभा, पाठीमागं जावईबापूंची बारकी निळी गाडी ज्याकवर चढवलेली, आन् तू एकेका चाकावर हात ठेवून बोलतोयस. खाली अक्षरात लिवलेलं, 'हिवाळ्याची चाकं येगळी, उन्हाळ्याची येगळी. हवा कमी झाली की गाडी सोता सांगती.' मी तो पंधरा येळा बघितला. शेवटाला तू मोबाईलच्या लई जवळ येऊन काय तरी बोललास, टोपीच्या बाहेर नुसतं नाक दिसत होतं. म्हटलं, मिरवतोय गडी. मिरव बाबा. पर एक सांगतो, माजा जीव जळला. बावीस वर्सं एका गाडीवर काढली, एका डब्यातली भाकर खाल्ली, आन् आता तुज्याकडं चाकांचे दोन-दोन जोड, आन् माज्याकडं गाडीची चावीसुदिक न्हाई.

चावीची कथा तुला ठावं न्हाई. श्रावणात मी आपल्या लाल गाडीनं (तीच, रिटायर झाल्यावर घेतलेली, पुढं दोन आन् मागं दीड माणूस बसतं ती) वेल्ह्याच्या बाजाराला चाललो होतो. मागच्या चाकातली हवा कवा गेली ते त्या चाकालाच ठावं. मी आपला चार किलोमीटर गेलो. एक मोटारसायकलवाला हातवारे करत पुढं येऊन आडवा झाला, तवा उतरून बघतो तर टायरच्या चिंध्या आन् रिंगचा पापड. आता म्या चौतीस वर्सं एसटी हाकली. डेपोतनं निघताना लोखंडी दांडा टायरवर हाणायचा, 'टण्' आलं तर हवा हाय, 'धप्प' आलं तर न्हाई. हे काय मला कुणी शिकवायचं? पर हल्ली रबरच असलं येतंय की चारी टायर सारखेच मुके. सोनियानं (नसरापूरच्या शाळेत मास्तरीण, घरात बी मास्तरीण) ती रिंग पडवीत खुंटीला टांगली आन् चावी पर्समध्ये टाकली. म्हणाली, मामा, आता गाडी बंद. अमृता, रोज सकाळी उठून गाडी पुसायचो, आत बसायचो, स्टेअरिंगला हात लावायचो आन् उतरायचो. लई वंगाळ वाटायचं. माणसानं रिटायर एकदाच व्हावं, दोनदा नव्हं.

तुजा व्हिडिओ आला आन् मला वाट दिसली. एसटीनं नसरापूर गाठलं आन् रतनच्या टायरच्या दुकानात जाऊन म्हटलं, चार हिवाळी चाकं काढ. रतन म्हणाला, "काका, औंदा वेल्ह्यात बर्फ पडणार हाय व्हय?" त्याला म्हटलं, तोरण्याखालचं धुकं बघितलंस का कदी? माघात सकाळच्या पारी स्टेअरिंग धरवत न्हाई. तो हसला, पर गडी कामाचा. कुणाच्या तरी जुन्या गाडीची चार चाकं रिंगांसकट काढली, खोल नक्षीचे टायर चढवले, बत्तीस-बत्तीस हवा भरली. म्हणाला, हिवाळी म्हणा न्हाईतर उन्हाळी, चिखलात धरतील. टेम्पोतनं चाकं घरी आली. तुजी वहिनी म्हणाली, एक चाक मोडलं म्हणून चार आणली, उद्या एक दात पडला तर कवळी आणाल. (कवळी हाय माज्याकडं. ती इसरली.)

मग सोनियाला तुजा व्हिडिओ दाखवला (चाकं झाली तितंच थांबवला, पुढं नुसतं नाक), हवा सांगणारं यंत्र मागव म्हणून गळ घातली. सहाव्या माळेला डबी आली. आत चार काळी टोपणं, करंगळीच्या पेराएवढी. चाकात हवा भरायच्या तोंडावर ती फिरवून बसवायची, आन् एक बारका पडदा गाडीत काचेखाली ठेवायचा, तो उन्हावर चालतो. टोपण हवा मोजतं, पडद्याला कळवतं, पडदा आकडा दाखवतो, आन् काय बिघडलं की बोंब मारतो. मधी तार न्हाई, दोरी न्हाई. मला आपली घंटीच आठवली. एक मारलीस की थांबायचं, दोन मारल्यास की निघायचं, मागं वळून बघायचं कामच नव्हतं. सोनियानं डबीतला कागद वाचला आन् हुकूम काढला. चारी चाकांची हवा मला पडद्यावर दिसू द्या, मला शेजारी बसवून मार्गासनीपर्यंत न्या आन् आणा, मग चावी तुमची.

हितं माजी चूक झाली का देवाची, तूच ठरव. रतन दसऱ्याच्या मुहूर्तावर येऊन चाकं बसवणार होता. त्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. म्या म्हटलं, नवी चाकं म्हंजी आपली हत्यारंच की. पडवीत कोयता, खुरपं, पाना, ज्याक यांच्या रांगेत चारी चाकं भिंतीला टेकवून उभी केली. टोपणं आधीच चाकांवर बसवली, कारण पूजा व्हायची तर पुऱ्या सामानाची व्हावी. (मधोमध, दर वर्सासारखी, तुजी दोरी ठेवली. आपली जुनी गाडी भंगारात निघाली तवा तू घंटीची दोरी कापून मला दिली होतीस, ती. तिला दर खंडेनवमीला कुंकू लागतं, हे तुला कदी सांगितलं नव्हतं.) वहिनीनं हळद-कुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या आन् बजावलं की दसऱ्याला सोनं लुटेपर्यंत पूजलेल्या वस्तूला कुणी हात लावायचा न्हाई. घरचा नेम हाय. आन् तेवढ्यात सोनिया म्हणाली, "मामा, उद्या सकाळी मी माहेरी चालले, पाच दिवस. दाखवायचं तर आज दाखवा."

म्हंजी बघ. चाकं पडवीत, टोपणं चाकांवर, आन् चावी माहेरी निघालेली. मी पडदा घेऊन गाडीत जाऊन बसलो, आपलं उगी बघावं म्हणून. तर काय सांगू! पडवी दहा पावलांवर. पडद्यावर चार आकडे लखलखीत. बत्तीस, बत्तीस, बत्तीस, बत्तीस! चाकं माळा घालून भिंतीला टेकलीत आन् हवा गाडीत दिसतीय. म्या इचार केला, सोनियाची अट काय? चारी चाकांची हवा पडद्यावर दिसावी. चाकं कुठं असावीत हे तिनं सांगितलंच नव्हतं. लबाडी म्हण पायजे तर. पर गाडीला जुनी तीन चाकं आन् स्टेपनी होती, आन् दांडा हाणून बघितला होता. (चारी बाजूंना आवाज सारखाच आला, म्हंजी बरोबरच की.) सोनियानं आकडे बघितले, खूश झाली, चावी हातात दिली. वहिनीला वाटलं, एवढा गुणी पडदा बिनकुंकवाचा नसावा. तिनं त्याच्यावर बोटभर कुंकू फासलं, वर झेंडूचं फूल ठेवलं आन् आमी निघालो.

अमृता, किती दिवसांनी गिअर हातात आला! डोळ्यात पाणी आलं, खोटं सांगत न्हाई. काचा खाली केलेल्या, दोन्ही अंगाला भात पिवळं पडलेलं, रस्ता मोकळा, आन् गाडी अशी चालली की मला वाटलं सरळ भोरला जाऊन डेपोत लावावी. मार्गासनी जवळ आली तशी लोकं वळून वळून बघाय लागली. टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. गावातला चिमाजी सायकलवरनं उतरून पार गटारीत गेला. म्हटलं, बघा, ह्याला म्हणायचं जुन्या डायवरचा मान. मी एक हात वर करून समद्यांना रामराम घालत चाललो. सोनिया बी हात हलवत होती, म्हटलं तिच्या शाळेतली पोरं असतील. मार्गासनीत तुज्या बंद घरापुढं आलो आन् तिनं माजा गुडघा असा काय आवळला की गाडी थांबवावीच लागली.

मग कळलं. पडवी मागं पडली तशी पडद्याला टोपणं सापडंनात, आन् अर्ध्या वाटेपासनं तो पडदा बोंबलत होता. कुंकवाखाली त्याचा लाल दिवा दिसायचा तरी कसा? सोनियानं उतरून चारी चाकांना लाथा घालून बघितल्या, मग वाकून बघितलं. म्हणाली, "मामा, टोपणं कुठं हायत?" म्या म्हटलं, पूजेत. ती तुज्या ओट्यावर बसली आन् अशी हसली, अशी हसली की ओढणीनं डोळे पुसाय लागली. मग उठून माज्यापुढं आली. "मामा, खरंच ऐकू आलं न्हाई तुमाला?" म्या म्हटलं, आलं की! पर डायवरनं प्रत्येक आवाजाला भ्यायचं नसतं. चावी मातर परत पर्समध्ये गेली. येताना तिनं गाडी हाकली आन् मी डावीकडं बसलो. त्या बाजूनं तिचं बोलणं बरं ऐकू येत होतं, पर ते कौतुकाचं नव्हतं.

तर आता कामाचं. आमचा पडदा बिघडलेला निघाला हे तुज्या ध्यानात आलंच असंल. तुज्या तिकडं ही टोपणं रिंगच्या आत बसवतात म्हणं, म्हंजी पूजेला निराळी काढायचा मोहच न्हाई. तसली चार धाड. मुक्काम आला, गाडी हितं लावतो.

तुजा, सध्या बिनचावीचा,
सावळाराम

ता.क. टोपणं धाडू नको. पाकीट चिकटवायच्या आत सोनिया माहेराहून आली आन् मला काय न इचारता भोरला कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. पडदा शाबूत हाय. कॅनडाची लाईन बी शाबूत हाय. माजा डावा कान गेला, उजवा निम्मा राहिलाय. डॉक्टर म्हणाले, चौतीस वर्सं एसटीचं इंजिन डाव्या कानाशी घेऊन बसलात, दुसरं काय व्हणार. म्या घरी बी लपवलं, तुला बी लपवलं. लाज वाटत होती रं. वाटायचं, कळलं तर गाडी कायमची सुटंल.

दुसरा ता.क. दिवाळी झाली, पत्र अजून फळीवरच हाय. कानात मशीन आली, शेंगदाण्याएवढी. म्हशीचं रवंथ ऐकू येतंय! तुजी वहिनी एवढी बोलती हे मला ठावंच नव्हतं. (मशीनला बंद करायचं बटण हाय. हे तिला सांगितलेलं न्हाई, तू बी सांगू नको.) दसऱ्याला राहिलेली हिवाळी चाकं रतननं चढवली, टोपणं चाकांसंगं गेली. म्या दांडा हाणला. टण्, टण्, टण्, आन् मागच्या डाव्याला जरा धप्प. पडद्यात बघितलं तर अठ्ठावीस. दोघांचं जमलं! सोनियानं चावी माज्या तळहातावर ठेवली आन् अट घातली, डावीकडं कायम कुणी तरी ऐकणारं बसलं पायजे. वहिनी तर गाडी चालू झाली की घोरती.

तिसरा ता.क. मशीन घातल्यावर पयल्यांदा तुजा व्हिडिओ लावला. सोळाव्यांदा. शेवटाला जवळ येऊन तू काय बोललास ते आता ऐकलं. 'सावळ्या, चाकांचे दोन जोड हायत रं हितं, पर जायचं कुठं? करमत न्हाई. तू ये म्हणलास तर येतो.' आरं, इतके दिवस तू माज्या एका शब्दाची वाट बघत असशील, आन् मी हितं चाकं पूजत बसलो. तू मिरवतोयस असं समजलो, तेवढं माफ कर. तर ऐक, मी म्हणतोय, ये. गायत्रीला वाईट वाटू देऊ नको, तिला सांग की नोकरीवर बोलावणं आलंय. तुज्या घराचं कुलूप काढलं, ओटा सारवला, वहिनीनं चूल पेटवून बघितली. घंटीची दोरी गाडीत डाव्या बाजूला बांधलीय, टोकाला बैलाची घंटी. सोनियाला ओढाय लावून पारखलं, लख्ख ऐकू येती. एक मारलीस की थांबायचं हे ठरलेलंच हाय. थांबलोय. आता दोन मार.