नववी वाफ

प्रिय सूयुन,

तीन वर्षांनी बापाचं पत्र बघून घाबरू नकोस. तुझी आई ठणठणीत आहे, शेजारच्या छिनबाईशी रोज भांडण्याइतकी. मीही आजारी नाही. उलट कालपासून गावभर मिरवतोय.

काल औषधदेवाच्या देवळात वाफवलेल्या दीह्वांगाच्या औषधी मुळांची पारख झाली. नावं ताटलीखाली झाकलेली आणि आम्ही म्हातारे जिभेने निवाडा करणारे, नेहमीसारखं. यंदा मी ठरवूनच गेलो होतो, की आपलं मूळ पहिलं आलं की तिथेच सांगायचं, आपली भट्टी पुतण्याला, ज्येनपिंगला दिली. तू मागितलीस तेव्हा मी काय बोललो ते विसरलेलो नाही. "पोरीच्या हातून मुळाच्या नऊ वाफा व्हायच्या नाहीत. कच्चं मूळ विकत बस, ताप उतरवायला नेतील लोक." तू आईची जुनी वाफेची टोपली उचललीस आणि वूझीला निघून गेलीस.

पहिल्या ताटलीतला काप तोंडात टाकला आणि थुंकलोच. मधोमध तपकिरी रेघ, चव कडवट. म्हणालो, "कुणा आळशाचं हे? सातव्या वाफेलाच झोपला! बाळंतिणीला दिलंत तर रक्त भरायचं राहील बाजूला, पोट तेवढं बिघडेल." सगळे हसले. मग चौथी ताटली आली. आतपर्यंत काळंभोर, बोटाला चिकटणारं, गोड, मागून तांदळाच्या दारूचा वास. थंड गुणाचं मूळ उष्ण झालं की जिभेला लगेच कळतं. मी मांडीवर थाप मारून ओरडलो, "हे माझं! नऊ वाफा, नऊ उन्हं! जिल्ह्यात एवढा दम दुसऱ्या कुणात आहे?"

ताटल्या उचलल्या. चौथीखाली तुझं नाव होतं. पहिलीखाली माझं.

छिन म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "काय देफू, आळशाला घरी पोचवू का?" तुझी आई मागे ओठ दाबून उभी. तू पाठवलेलं मूळ तिनेच ताटलीत मांडलं होतं. म्हणाली, "तुम्ही नाही, निदान तुमची जीभ तरी खरं बोलेल म्हटलं."

मला राग यायला हवा होता. पण पोरी, माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटलं. भर देवळात मी तुला निवडलं होतं, तेही माझ्याच तोंडाने.

आता खरं सांगतो. दोन हिवाळे माझे गुडघे भट्टीपाशी टिकत नाहीत. शेवटच्या दोन वाफा मी चुकवतो आणि वरून जास्त दारू शिंपडतो. काल देवळातच हे कबूल केलं आणि सांगून टाकलं, आपल्या हाओ घराण्याची भट्टी सूयुनची. टाळ्या पडल्या, सगळ्यात मोठ्याने ज्येनपिंगच्या. घरी आल्यावर तुझी आई म्हणाली, "पोरीला विचारलंत का?" म्हणून हे पत्र. थंडीत मुळं निघायच्या आधी येशील का? वाफेचं तू बघ. मी खाली लाकडं घालीन, आणि झोपलो तर खुशाल ओरड.

तुझाच,
आळशी बाबा