हेर्मोला मेल्याचं काम मिळालं

३ मे, बुधवार

हेर्मोला पिक्चरमध्ये काम मिळालं. मेलेल्याचं!

कढईत सुकी मासळी तडतडत होती, मला आधी नीट ऐकूच आलं नाही. म्हटलं, कसलं काम? "मेलेल्याचं गं, कोन्चिंग. पेटीत निजायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही. माझ्यासारखं कुणाला जमणार?" छाती अशी फुगवली, जशी गव्हर्नरची खुर्चीच मिळाली.

चर्चजवळच्या त्या मोठ्या जुन्या घरात मनिलाचे पिक्चरवाले उतरलेत. गोष्ट अशी — म्हातारा मरतो, त्याची मुलं मयतीला जमतात आणि पेटीसमोरच भांडायला लागतात. हसवायचंही आणि रडवायचंही, म्हणे. म्हाताऱ्याच्या कामासाठी मनिलाहून एक नट आणला होता, पण त्याला फुलांच्या वासाने शिंका येतात. मेलेला माणूस शिंकला तर कसं चालेल? आणि आमचे हे महाराज समोरच्या बाकावर बसून सगळी गंमत बघत होते. दिग्दर्शिका म्हणाली, "लोलो," म्हणजे आजोबा, "जरा डोळे मिटा बरं." याने मिटले. झालं! काम पक्कं.

चाळीस वर्षं गावच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवला याने. किती मयतींच्या मागून चालला त्याला गणती नाही. म्हणतो, "मागून चालून पाय झिजले. आता एकदा पुढं झोपून जातो."

मी छातीवर क्रूस काढला. जिवंत माणसाने पेटीत निजू नये, एवढं तरी कळायला नको? ऐंशीला टेकलाय. या वयात मरणाला वाकुल्या दाखवायच्या?

४ मे, गुरुवार

मी अबोला धरलाय. त्याला पत्ता नाही. दोनदा भात मागून घेतला.

६ मे, शनिवार

शिकवते त्या शाळेला सुट्टी, म्हणून अरासेली सान्ता क्रुझहून आली. बापाचं काम ऐकून पोट धरधरून हसली. माझी लेक माझ्या बाजूने बोलेल वाटलं होतं! कुठलं काय. "बाबा, मेल्यावर तरी तोंड बंद ठेवा म्हणजे झालं."

मग भांडी पुसता पुसता हळूच म्हणाली, "आई, दादाला सांगू का? त्यालाही हसू येईल."

मी म्हटलं, नको.

आमच्या सान्तोने या घरात पाऊल टाकून किती वर्षं झाली! जोवेलिनशी लग्न ठरवलं तेव्हा हेर्मो ताटावरून उठला होता. का, तर ती मनिलाच्या एका बारमध्ये गाते. स्वतः जन्मभर मयतीत वाजवून घर चालवलं, आणि गाणाऱ्या मुलीला नावं ठेवतो! लग्नाला गेला नाही. मलाही जाऊ दिलं नाही — मी गेले नाही, असंच लिहायला हवं. त्यांची क्लारिबेल सातची झाली. अरासेलीच्या फोनवर बघते तिला, हेर्मो अंगणात गेला की.

दोघंही हट्टी. एका साच्यातले.

९ मे, मंगळवार

पिक्चरवाल्यांकडचा बारोंग सदरा याच्या खांद्यांना होईना. म्हणून कपाटातला स्वतःचा काढला. लग्नातला. पिवळा पडलाय, पण नक्षी अजून छान आहे. आरशासमोर उभा राहिला, बटणं लावली. अंगावर नुसता लोंबत होता. हाच घालून चर्चच्या दारात माझी वाट बघत उभा होता. तेव्हा दंडात घट्ट बसायचा.

"कसा दिसतो?" म्हणाला.

"मेल्यासारखा," म्हटलं. अबोला तिथेच मोडला.

मग न्हाणीघरात जाऊन जरा रडून आले.

१० मे, बुधवार

जाणार नाही म्हटलं होतं. गेले.

खिडक्यांना काळे पडदे. फुलांच्या चक्रांची रांग. गावातल्या बायका रडायला आणि पत्ते खेळायला बसवल्या होत्या, बिस्किटं-कॉफी सगळं अगदी खऱ्या मयतीसारखं. पेटीवरची काच तेवढी काढलेली, नाहीतर हा गुदमरलाच असता. चेहऱ्याला राखेसारखं काहीतरी फासलेलं. बघवेना. शेजारच्या पुरिंगला मात्र उत्साहाचं भरतं! पेटीजवळ जाऊन फोनवर फोटो काढले, एक असा, एक तसा.

दिग्दर्शिका म्हणजे कोवळी पोर आहे, माइका नाव. सगळे 'डिरेक' म्हणतात. शॉट सुरू झाला, तीन नट पेटीसमोर भांडायला लागले, घर कुणाचं, कोण किती वेळा भेटायला आलं... आणि पेटीतून घुर्रर्र!

"कट! लोलो, मेलेली माणसं घोरत नाहीत हो."

"तू माझ्या वडिलांना पाहिलं नाहीस," हेर्मो म्हणाला.

सगळी खोली हसली. मीसुद्धा. कितीतरी दिवसांनी इतकी हसले. दुपारी सारखी चढउतार नको म्हणून त्याने पेटीतच उठून बसून शेवया खाल्ल्या. लिंबू पिळून मागितलं वर!

११ मे, गुरुवार

आजचं कसं लिहू! पण लिहिते.

पुरिंगने काल तो फोटो फेसबुकवर टाकला. खाली लिहिलं, "आमचा शेजारी हेर्मो. किती शांत दिसतोय!" बास. शूटिंग, पिक्चर — एक अक्षर नाही. तिच्या डोक्यातच आलं नाही, म्हणते. "सगळ्या गावाला माहीतच आहे की!"

गावाला माहीत आहे. जगाला कुठं?

सकाळी न्याहारीलाच सुरुवात झाली. बेकरीवाल्याने पावांची टोपली पाठवली. पाद्रीबाबांचा फोन — मिस्सा कधी ठेवायची? बँडची म्हातारी मंडळी दंडाला काळी फीत लावून वाद्यांसकट दारात! दार हेर्मोनेच उघडलं. ढोलवाला मटकन खाली बसला. हेर्मो मात्र खूश. पाव खात खात विचारतोय, "सॅक्सोफोनवाला का नाही आला? त्याला दुःख नाही झालं?"

मी म्हटलं, पुरे झालं, आज नाही जायचं. पण डिरेकची पोरं न्यायला आली आणि हा गेला. मी मागोमाग.

शॉट सुरू होता. मी भिंतीशी बसले होते. दाराशी गडबड झाली, कुणीतरी "अहो, थांबा, थांबा" म्हणालं. दिव्याचा एक खांब आडवा झाला. एक माणूस माणसं ढकलत आत घुसला. शर्ट घामाने चिंब. आधी ओळखलंच नाही. कानशिलावर पांढरे केस! माझा सान्तो!

सरळ पेटीवर पडला. "बाबा! बाबा, मी आलो!"

मला उठायचं होतं. ओरडायचं होतं, अरे सान्तो, खोटं आहे! पण इतक्या वर्षांनी पोर समोर होतं, मी त्यालाच बघत राहिले. ते तीन नट जागीच थिजले. डिरेकने हात वर केला — कुणी हलू नका. कॅमेरा चालूच.

सान्तो लहान पोरासारखा रडत होता. "म्हटलं होतं तुम्हाला, आता तुमच्या मयतीलाच येईन. का बोललो मी तसं? बाबा, का नाही मारलीत माझ्या थोबाडीत?" त्याचे अश्रू टपाटपा बारोंगवर पडत होते. आमच्यात पेटीवर आसवं पडू देत नाहीत, मेलेल्याचा पाय निघत नाही म्हणतात. मी मनात म्हटलं, पडू दे. नकोच निघू दे पाय!

आणि हेर्मो? मेलेल्याने हलायचं नाही म्हणून पडून होता. पण मी त्याला ओळखते. खालचा ओठ थरथरत होता. मिटल्या डोळ्याच्या कोपऱ्यातून एक ओघळ निघाला आणि राखेतून रेघ काढत कानापर्यंत गेला.

शेवटी डोळे न उघडताच पुटपुटला, "अरे, गळ्यावरचा हात काढ. खरंच मरेन."

सान्तोने जी किंकाळी फोडली! मागच्या मागे फुलांच्या चक्रात कोसळला. बायकांचे पत्ते उधळले. पुरिंग टेबलाखाली. मला हसू की रडू तेच कळेना, दोन्ही एकदमच आलं.

दारात जोवेलिन उभी, चप्पल एकाच पायात. तिच्या कमरेला बिलगलेली क्लारिबेल. पोरीने मोठ्याने विचारलं, "मम्मी, लोलो मेलेत की नाही? नक्की सांग."

हेर्मो पेटीत उठून बसला. "तू कोण गं?"

"क्लारिबेल."

"इकडे ये. मला बाहेर काढायला कुणीतरी हवंय. हे सगळे नुसते बघत उभे आहेत."

पोर गेली. बिनधास्त गेली! आणि त्याचा हात धरला.

१२ मे, शुक्रवार

एवढं झालं म्हणून सगळं गोड झालं असं नाही. सकाळी बाप-लेक अंगणात कडाकडा भांडले.

"इतक्या वर्षांनी रडलो, तेही शंभर लोकांसमोर! मला माकड केलंत तुम्ही!"

"मी केलं? मी तर गप पडलो होतो. जन्मात पहिल्यांदा गप होतो!"

"एकदा तरी फोन करायचा होतात!"

"तुझ्या फोनला आतून कुलूप होतं का? तूही करायचास!"

मी आणि जोवेलिन स्वयंपाकघरात. ती लसणीचा भात परतत होती, मी अंडी फोडत होते. मला तिच्याशी काय बोलावं सुचेना. शेवटी म्हटलं, "मीठ त्या डब्यात आहे." ती म्हणाली, "हो आई." आई म्हणाली! मी सांगितलं नव्हतं.

मग तिच्या लक्षातही नसेल, परतता परतता गुणगुणायला लागली. आवाज आहे हो पोरीला. खालचा, भरदार. बाहेरचं भांडण एकदम थांबलं. थोड्या वेळाने हेर्मो दारात येऊन उभा राहिला.

"वरचा सूर लवकर सोडतेस," म्हणाला.

जोवेलिनने कालथा खाली ठेवला. "मग शिकवा ना, बाबा."

"आधी खाऊ दे," म्हणाला आणि टेबलाशी बसला. याहून जास्त माफी हा माणूस मागणार नाही. तिलाही कळलं असावं. सगळ्यात मोठी वाटी त्याच्यापुढे सरकवली.

डिरेक संध्याकाळी घरी आली, चोरासारखी. कालचं सगळं कॅमेऱ्यात आलंय. ठेवू का, पुसून टाकू? सान्तोला विचारायला आली होती.

सान्तोने बापाकडे बघितलं. मग म्हणाला, "ठेवा. शोभा व्हायची ती झालीच आहे. निदान नीट दिसू दे."

१४ मे, रविवार

सगळे मिळून चर्चला गेलो. पाद्रीबाबांनी हेर्मोकडे बघून क्रूस काढला आणि मग हसले.

जेवताना खुर्ची कमी पडली. अरासेली डब्यावर बसली. किती बरं वाटलं ते लिहून सांगता येणार नाही.

दुपारी गेले. क्लारिबेलचं दप्तर हेर्मोने स्वतः जीपनीपर्यंत नेलं. सान्तोने वाकून त्याचा हात आपल्या कपाळाला लावला. याने हात सोडवला नाही. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला, तरी नाही.

घर रिकामं झालं. पण पूर्वीसारखं रिकामं नाही.

१७ मे, बुधवार

क्लारिबेलचा फोन. हेर्मो म्हणाला, "मला ऐकू येत नाही फोनवर, तू बोल." मग हातातून ओढून घेतला आणि कॉफी थंड होईपर्यंत बोलत बसला.

२३ मे, मंगळवार

दोन दिवस हेर्मोला खोकला. माझ्या डोक्यात नको नको ते. पेटीत निजला, मी सांगत होते! आज अरासेलीने बळेच डॉक्टरकडे नेला. घसा बसलाय, बाकी काही नाही. का बसला? रोज फोनवर जोवेलिनला सूर लावून दाखवतो म्हणून!

डॉक्टर म्हणाले, छाती बँडवाल्याची आहे, लोखंडी. परत येताना मी वाटेत नारळाची बर्फी घेतली. दोघांनी ट्रायसिकलमध्येच संपवली.

२६ मे, शुक्रवार

पिक्चरवाले गेले. काळे पडदे उतरले. हेर्मो बाकावर जाऊन बसतो आणि रिकाम्या घराकडे बघतो. म्हणतो, मेलेलो होतो तेव्हा किती माणसं होती भोवती!

२ जून, शुक्रवार

डिरेक माइका आज परत आली. तो तुकडा पुन्हा पुन्हा बघितला म्हणे, आणि गोष्टच बदलली. पिक्चरमधला म्हातारा आता मरत नाही. पेटीत उठून बसतो, आणि पुढचं सगळं पिक्चर त्याचंच. उशिरा येणारा मुलगा म्हणून सान्तोच हवा. त्याने रजा घेतलीसुद्धा. महिनाभर इथेच, आमच्याकडे.

हेर्मोच्या हातात कागदांचा हा एवढा गठ्ठा. तोंड कडू करून बसलाय. "मेलेल्याला बरं असतं, कोन्चिंग. आता हे सगळं पाठ करायचं!"

म्हटलं, कर. घाई नाही.