विल्फच्या गाठीचा एक कोपरा

१२ ऑगस्ट, मंगळवार

ऑपरेशन चालू असतानाच गाठीचा तुकडा तपासायला आला. मुलगा चौदा महिन्यांचा, विल्फ बार्विक, किंग आयलंडचा. डोकं भराभर वाढत होतं. घरचे म्हणत, बापावर गेलाय, टोपी बसत नाही! मग उलट्या सुरू झाल्या, तेव्हा विमानात घालून मेलबर्नला आणलं. मेंदूतल्या पोकळीत गाठ.

तुकडा गोठवला, काप काढला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. नेच्यासारखी नाजूक पानं, एकीतून दुसरी फुटलेली. मेंदूत पाणी पाझरवणारं एक जाळं असतं — कोरॉइड प्लेक्सस. त्याची गाठ. इतकी दुर्मीळ, की या पॅथॉलॉजी खात्यात केस पिकले तरी मी अशा थोड्याच पाहिल्यात.

थिएटरमधून कॅलमचा फोन. आमचा मेंदूचा सर्जन. एरवी विनोद करतो, आज नाही.

"हेस्टर, रक्त थांबत नाहीये गं. एवढंसं पोर! थांबू की सगळी काढू?"

"साधी दिसतेय. पूर्ण निघाली तर सुटला तो."

"दिसतेय की आहे?"

"या तुकड्यात तरी आहे."

तो पुढे गेला. मी सूप गरम करून प्यायले. संध्याकाळी कळलं — गाठ पूर्ण निघाली. मुलगा जिवंत आहे.

१३ ऑगस्ट

उरलेली गाठ फॉर्मॅलिनमध्ये आली. काप व्हायला वेळ लागेल.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सगळ्या काचा पाहिल्या. पानं, पानं, पुन्हा पानं. आणि मग एका कोपऱ्यात पानं नाहीतच! पेशींची नुसती दाटी, जिकडेतिकडे विभाजन, मधे मेलेले पट्टे.

साधी नाही. कर्करोग.

कॅलमला खाली बोलावलं. त्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"तू साधी म्हणालीस."

"म्हणाले."

"तेव्हाच कर्करोग म्हणाली असतीस तर मी थांबलो असतो, आधी औषध दिलं असतं. एवढं रक्त जात असताना नसती ओढली मी उरलेली."

"आणि उरली असती तर?"

"तर आपण आत्ता त्याच्या आईला फार वेगळं काही सांगत असतो." मग उठताना म्हणाला, "चुकलीस ते बरं झालं. पण सवय लावून घेऊ नकोस!"

चूक नव्हती. त्या तुकड्यात कोपरा नव्हता. तरी इथे लिहून ठेवते.

१८ ऑगस्ट, सोमवार

आणखी एक रंग लावला. पेशींवर पहारा ठेवणारं एक जनुक असतं, ते बिघडलं की गाठ तपकिरी उमटते. ही उमटली, गडद.

आता प्रश्न एकच. बिघाड फक्त गाठीत, की मुलगा जन्माला येतानाच तो घेऊन आला? जन्माचा असेल तर त्याला किरणोपचार नकोत — त्यांनीच नव्या गाठी होतील. आणि मग घरातल्या इतरांचंही रक्त बघायला हवं.

कॅलमने आईला विचारलं. ती म्हणाली, आमच्याकडे कुणालाच काही नाही. आजी नव्वदीत कुंपणाच्या तारा ओढते.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आईला गाठ बघायचीय म्हणे. मी आईबापांना भेटत नाही. माझं काम काचेपाशी संपतं. कॅलम म्हणाला, "ती ऐकणार नाही. ते बेटावरचे लोक आहेत, तू ओळखत नाहीस."

टेस नाव. एकोणतीस वर्षांची, उंच, हात खरबरीत — किनाऱ्यावर आलेलं समुद्री शेवाळ गोळा करून विकते. आधी पानं दाखवली.

"अय्या! हे तर छान आहे की."

मग कोपरा दाखवला. तिने डोळा न हलवता विचारलं, "मी पोटुशी असताना पण पाण्यात उतरायचे. शेवाळ ओढायला. त्यानं झालं का, डॉक्टर?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

या आठवड्यात इतक्या खात्रीने मी दुसरं काहीच बोललेले नाही.

घरच्यांबद्दल पुन्हा विचारलं. तिची आई ठणठणीत. वडील? "मला आठवत नाहीत. क्रेफिश पकडायच्या बोटीवर गेले ते आलेच नाहीत. पंचविशीचे होते."

पंचविशीत बुडालेल्या माणसाला पुढे काय झालं असतं, कोण सांगणार? घराणं निरोगी दिसतं ते यामुळेच असेल.

विल्फचं आणि तिचं रक्त पाठवायला सांगितलं. "माझं कशाला?" म्हणाली. पण बाही वर केली.

४ सप्टेंबर

मुलाचं औषध सुरू. वांत्या, ताप. सायकलवरून येताना घरट्याची राखण करणाऱ्या मॅगपाय पक्ष्याने माझा कान फोडला. इथला वसंत आला म्हणायचा.

२३ सप्टेंबर, मंगळवार

रक्ताचा निकाल आला. बिघाड जन्माचा. आईकडून आलेला.

कॅलमने सांगितलं तिला. ती म्हणाली, "म्हणजे मीच दिलं."

"उंची दिलीस, तसंच."

"उंचीनं कुणी मरत नाही."

तिच्या अंगात कुठे गाठ आहे का, ही तपासणी मात्र तिला नको आहे. पोराचं आधी, माझं नंतर! कॅलम वैतागला. "तू जा. तुझं ऐकेल. तू तिला खरं ते दाखवलंस."

गेले. वॉर्डात! विल्फ खाटेच्या कठड्यावर चमचा बडवत होता, तोंडाला पावावरचं काळं व्हेजिमाइट फासलेलं. टाळूवरचा व्रण बरा भरलाय.

"टेस, नंतर म्हणजे कधी?"

"हा बरा झाला की."

"आणि त्याला बरं करायला कोण असेल?"

ती चिडली. "असं बोलतात का पेशंटच्या आईशी?"

"मला माहीत नाही. मी कधी बोलले नाही."

ती हसली, मग रडली. मी चमचा धरून उभी. विल्फने तो परत मागितला.

"बरं," ती म्हणाली. "करा काय करायचं ते."

१४ ऑक्टोबर, मंगळवार

ट्रेमध्ये नवा नमुना. स्तनातली गाठ. वय एकोणतीस. नाव बार्विक, टेस.

तांदळाच्या दाण्याएवढी. कर्करोगच. कडा सगळीकडून मोकळ्या, म्हणजे पूर्ण निघाली.