शेवटच्या कडव्यातलं नाव

हाउन्सलो, रविवार दुपार

चिरंजीव म्हणावं तर तू माझ्याहून मोठा, आदरणीय म्हणावं तर तसा तू वागला नाहीस, म्हणून नुसतं सुखदेव. बबनचा सप्रेम जयभीम.

आम्ही इकडे विलायतेत राजश्रीच्या घरी खुशाल आहोत. तुझ्या बहिणीचे, म्हणजे माझ्या गयाबाईचे, गुडघे इथल्या थंडीत कुरकुरतात, पण जीभ ठणठणीत आहे. तुझ्या बायपासचं आम्हाला नातेवाइकांच्या ग्रुपवर कळलं (आधी कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, मग तुझी छाती, मग परत केक). तुझ्या बहिणीने लगेच तुला फोन लावला, तेव्हा मी शेजारीच बसलो होतो, पण मला काही ऐकू येत नाही असं तोंड करून बसलो होतो. तब्येतीला जप. तर्री बंद कर. मीही फोन करणार होतो, पण तू उचलला नाहीस तर ते लगेच कळतं. पत्राचं उत्तर आलं नाही तर निदान टपालखात्याला शिव्या देता येतात.

आता इथली हकीकत. आमचे जावई प्रणय म्हणजे सोन्यासारखा माणूस, पण बोलत नाही. शनिवारी राजश्रीची एअरपोर्टला शिफ्ट असते, म्हणजे जेवण झालं की एका सोफ्यावर आम्ही दोघं पुरुष आणि मध्ये एक उशी. मी म्हणायचं, थंडी फार. त्यांनी म्हणायचं, हो बाबा. झालं अधिवेशन! शेवटी एका शनिवारी त्यांनीच धीर करून विचारलं, ‘बाबा, टीव्हीवर रॉक कॉन्सर्ट आहे, लावू का? तुम्हीपण म्युझिकवाले ना?’ सुखदेव, मला म्युझिकवाला म्हणणारा माणूस किती वर्षांनी भेटला! मी म्हटलं, लावा, आणि आवाज मोठा ठेवा.

आधी एक पार्टी आली. चार पोरं, केस डोळ्यांवर. वंदना नाही, गुरूचं नाव नाही, आल्या आल्या धडाम! मी म्हटलं, असेल इकडची रीत. त्यांनी पाच-सहा गाणी म्हटली आणि गेले. मग स्टेजवरचं सामान बदललं आणि दुसरी पार्टी आली, चांगली वयस्कर. मला एकदम उलगडा झाला. हा तर आपल्या गायन पार्टीचा व्हायचा तसा सामना! गयाबाई लसूण सोलत होती, तिला मी हाक मारून बसवलं आणि समजावून सांगितलं, की पहिल्या पार्टीनं सवाल टाकलाय, आता हे म्हातारे जवाब देतात की नाही ते बघ. आम्ही दोघं पुढे सरकून बसलो. एक गाणं झालं, दोन झाली, म्हातारे आपल्याच धुंदीत, जवाब काही येईना. मी जावईबापूंना म्हटलं, समोरच्या पार्टीचं नावसुद्धा घेत नाहीत, हरले हे. ते म्हणाले, ‘हो बाबा.’ (ती पहिली पार्टी नुसती गर्दी तापवायला आणलेली असते, हे त्यांनी मला पुढच्या शनिवारी सांगितलं. तोवर मी देवळाजवळच्या दुकानात दोन माणसांना निकाल सांगून बसलो होतो.) आणि शेवटी काय केलं असेल? त्या मुख्य म्हाताऱ्याने गिटार उचलली आणि स्टेजवर आपटली! अरे, आपल्या पेटीला चुकून पाय लागला तर आपण हात लावून कपाळाला लावायचो. मी ताडकन उठून ओरडलो. गयाबाई म्हणाली, ‘काहून ओरडता जी? ऐकू जाते का त्याले तिथे?’ शेजारच्या बाईंनी भिंतीवर टकटक केलं. त्या दिवसापासून मात्र उशी मधून गेली. आता दर शनिवारी आम्ही बघतो.

कॉन्सर्टपेक्षा मला त्या पार्ट्यांच्या जीवनकथा जास्त आवडतात. डॉक्युमेंटरी म्हणतात. सगळ्यांची कथा एकच असते रे. गिरणीच्या गावातली गरीब पोरं, कुणाच्या तरी मामाच्या शेडमध्ये तालीम, मग नाव, मग भांडण. मागच्या शनिवारी एक बघितली. एकजण शब्द लिहायचा, एक चाल बांधायचा. गाणं देशभर गाजलं, आणि गाण्याखाली नाव कुणाचं यावरून दोघं उठले ते थेट कोर्टात. मी जावईबापूंना म्हटलं, हे मला दाखवायला मुद्दाम लावलं का? बिचारे घाबरले. त्यांना काय ठाऊक. त्यांना वाटतं बाबा वाजवायचे म्हणजे हौस म्हणून.

तेव्हा आता विषय निघालाच आहे (मी काढलेला नाही, टीव्हीने काढला), तर सांगतो. आईच्या पाटीचं गाणं तू लिहिलंस, कबूल. म्हातारपणी प्रौढवर्गात बसून तुझी आई पाटीवर स्वतःचं नाव लिहायला शिकली, ते तूच बघितलंस, शब्द तुझेच. पण चाल माझी होती. शेवटच्या कडव्यात ‘सांगे सुखदेव’ असं तुझं नाव यायचं, ती शाहिराची रीतच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, की एकदा, फक्त आपल्या इंदोऱ्याच्या भीमजयंतीला, माझंही नाव त्यात बसव. तू म्हणालास, बबन मात्रेत बसत नाही. अरे, तीन अक्षरं बसत नाहीत आणि तुझी चार बसतात? आणि वर माईकवरून, सगळ्या वस्तीदेखत, चालीला नाव नसते, चाल हवेतच असते म्हणालास. मी पेटी बंद केली ती केलीच. आजही सांगतो, चूक तुझी होती.

तर ते टीव्हीवरचे दोघे. चालवाला आता समुद्राकाठी राहतो, कांद्याची पात लावतो. कॅमेऱ्यासमोर म्हणाला, माझा काही राग नाही. आणि पुढे बराच वेळ तेच म्हणत राहिला. राग नसलेला माणूस इतका वेळ बोलत नाही, हे मला लगेच कळलं. मग शब्दवाल्याला विचारलं. तो म्हणाला, त्याने फोन केला तर मी उचलीन. चालवालाही हेच म्हणाला होता! मला त्या फिल्मवाल्यांचा इतका संताप आला. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत कशाला विचारता? एका खोलीत बसवा ना, चहा द्या, दार लावून घ्या. त्यांनी नाही बसवलं. पुढे पार्टी पुन्हा एकत्र येणार असं ठरलं, तारीख ठरली, आणि त्याच्या आधी शब्दवाला गेला. कॉन्सर्ट मात्र झाली. चालवाल्याने नुसती चाल वाजवली आणि शब्द सगळ्या मैदानाने म्हटले. लोक नाचत होते, रडत होते. तो मात्र वाजवताना एकसारखा डावीकडे बघायचा. तिथे कुणीच नव्हतं. मला फार वाईट वाटलं, सुखदेव. जावईबापूंनी टिश्यूचा डबा पुढे केला आणि विचारलं, ‘बाबा, तुमची पार्टी का बंद पडली?’ मी म्हटलं, थंडी फार आहे.

बाकी विशेष काही नाही. औषधं वेळेवर घे.

तुझा (रागावलेला) भाऊजी,
बबन

ता. क. इथे हॉलमध्ये जयंतीचा कार्यक्रम आहे. प्रणयने परस्पर माझं नाव दिलंय. आईच्या पाटीचं गाणं म्हणायचं ठरलंय, पण शेवटचं कडवं काही केल्या आठवत नाही. तेवढं कळव. लिहून पाठवलंस तर उच्चार चुकेल, तेव्हा म्हणून दाखवलंस तर बरं.

ता. क. २. नाव तुझंच राहू दे. बबन मात्रेत बसतो का ते मी इथे एकटा असताना म्हणून बघितलं. बसतो. पण राहू दे.

दादा, पाकीट चिकटवायले माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते. कडवं विसरले हे साफ खोटं आहे. रोज सकाळी बाथरूममध्ये तेच म्हणतात, तुझ्या नावासकट. या पत्राचं उत्तर लिहू नको, डायरेक्ट फोन कर. तुझ्या ऑपरेशनपासून हे अंघोळीलेही फोन सोबत घेऊन जातात. – गया