बेबाबाईची सरकती खोली

३ फेब्रुवारी १९९७, सोमवार. रावेर.
गाडी घेतली. धुळ्याला हायवेवर एका गॅरेजमागे चार वर्षं पडून होती. कुणा मुंबईच्या सिनेमावाल्याने अमेरिकेहून आणवलेली. गाडी कसली, चालतं घर! आत शेगडी, बेसिन, संडास. बटण दाबलं की डाव्या बाजूची अख्खी भिंत दोन हात बाहेर सरकते आणि आत खोली तयार. गॅरेजवाला म्हणाला, नाना, हिला वजन जपून घाला. मी हसलो. तीस वर्षं केळीचे ट्रक भरले, मला वजन शिकवतो.
कागद बेबाबाईच्या नावावर केले. इतक्या वर्षांत बायकोला साध्या ट्रकच्या केबिनमध्येसुद्धा बसवलं नव्हतं. आता राणीसारखी नेणार. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलंय, पोटात गाठ आहे, मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात न्या, महिन्याच्या आत. येत्या सोमवारी निघायचं. नक्की.

५ फेब्रुवारी.
मेहुणा अभिमन आला. धुळ्याला सरकारी ऑफिसात हेडक्लार्क आहे, त्यामुळे सगळ्यांची कामं आपणच करायची असं त्याला वाटतं. भुसावळहून दोन बर्थ काढून आला होता. म्हणाला, "दाजी, बर्थ तयार शेत. बहीणले मी लई जास." म्हणजे हिला मुंबईला तो घेऊन जाणार.
बर्थ कॅन्सल करायला लावले. हिला सारख्या उलट्या होतात. चार लोकांसमोर रेल्वेच्या डब्यात तिने ओकायचं, आणि दारात स्वतःची गाडी उभी? अभिमन चहा अर्धा ठेवून गेला.

९ फेब्रुवारी, रविवार.
गाडी केळीच्या काट्यावर घातली. सहा टन चारशे किलो. दारामागे पितळी पट्टी आहे, तिच्यावर इंग्रजीत बरंच काही आणि सोळा हजार हा आकडा. म्हणजे सोळा टन. पुढे एल बी एस अशी तीन अक्षरं आहेत, मालकाच्या नावाची असावीत. सोळातून साडेसहा गेले, साडेनऊ टनांची जागा शिल्लक! आणि पट्टीवरचं वजन सरकारला दाखवायचं असतं. नऊ टन पासिंगच्या ट्रकमध्ये पंधरा टन माल भरून मी दिल्लीला पाठवलाय.
ड्रायव्हर चुडामणचं म्हणणं, टायर ट्रकचे नाहीत, नाजूक दिसतात. शिवाय स्टिअरिंग उलट्या बाजूला. चुडामणला नव्याची भीती वाटते.
उद्या निघणं होत नाही. आतली चटई कुजली आहे. बेबाबाई पाय घसरून पडायची. आधी फरशी.

१५ फेब्रुवारी.
शहाबादी फरशी बसवली. फर्स्ट क्लास. आता गाडीत शिरलं की घरात आल्यासारखं वाटतं. सुतार म्हणाला, आतला पलंग प्लायवूडचा आहे, मोडेल. काढून टाकला. आपला सागवानी पलंग सरकत्या खोलीत ठेवला, सहा जणांनी उचलून. वर नवी गादी, कापूस शेतातला, मी स्वतः पिंजून घेतला.
बेबाबाईला दाखवायला आणलं. पायरीवर चढवेना, चुडामणने हात दिला. तिने सगळं पाहिलं. तीस वर्षं रावेरात राहून बोलणं अजून माहेरचंच. म्हणाली, "माले दवाखानामा न्या. घर ते आठेबी शे."
घर इथेही आहे म्हणे! बायकांना लवकर कौतुक करता येत नाही.

२० फेब्रुवारी.
प्लास्टिकची टाकी गळत होती. लोखंडी घातली, पाचशे लिटर. मुंबईचं पाणी हिला बाधेल. लोखंडी कपाटही ठेवलं. साड्या नकोत का? मुंबईला महिना-दोन महिने राहावं लागेल, बरं व्हायला वेळ लागतोच. देव्हारा पण बसवला. सोमवारी नक्की.

२४ फेब्रुवारी, सोमवार.
नाही जमलं. दवाखान्यात गावातल्या डॉक्टरांनी हिचं वजन केलं. छत्तीस. मागच्या महिन्यात एक्केचाळीस होती. डॉक्टरांचा काटा खराब असणार. माणसाचं वजन असं घटतं का? मी बोललो तसं. डॉक्टर माझ्यावरच भडकले, अजून इथेच का आहात म्हणे. त्यांना काय माहीत किती तयारी असते.
येताना हिला उचलून रिक्षात बसवलं. मला दम लागला नाही. तब्येत अजून ठणठणीत आहे माझी.

१ मार्च.
परत काट्यावर. नऊ टन शंभर. अजून सात टन बाकी. पण गाडी डावीकडे झुकते, पलंग-कपाट-टाकी सगळं त्याच बाजूला. चाक पत्र्याला घासतं. चुडामण म्हणाला, थोडं सामान काढू. कशाला? तराजू एका बाजूला झुकला तर माणूस माल काढतो का? दुसऱ्या बाजूला पासंग बांधतो. उजवीकडे गव्हाची आठ पोती रचली. गाडी सरळ! गहू मुंबईत लागेलच. वजन दहा टनांच्या थोडं आत.
अक्कल लागते.

५ मार्च.
बेबाबाई जेवत नाही. पेज दोन चमचे. संध्याकाळी जवळ बसलो आणि सांगितलं की फक्त खिडकीची जाळी राहिली आहे, डास येतात. तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुमले भ्याव वाटस."
कसलं भ्याव? मुंबईचे डॉक्टर काय वाघ आहेत? काय सांगायचं ते सांगतील. मला भीती वाटते ती डासांची.
जाळी उद्या.

९ मार्च, रविवार. एरंडोलच्या पुढे, रस्त्यावर.
निघालो! पहाटे नारळ फोडला. बेबाबाई पलंगावर, मी शेजारी स्टुलावर. जळगावपर्यंत झकास. गाडी हळू चालत होती, पण घराने पळावं असं कोण म्हणतं.
एरंडोल सोडलं आणि खालून बंदुकीसारखा आवाज. चुडामणने कशीबशी कडेला घेतली. मागच्या डाव्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तुटला, टायर बसला. ऊन फार. आत भट्टी. हिला हवा लागावी म्हणून मी बटण दाबलं. खोली बाहेर गेली, अर्ध्यावर करकरली, मग खाली लोंबली. आता आतही जाईना, बाहेरही येईना. पलंग तिरका. बेबाबाई कपाटाकडे घसरत होती, मी धरून बसलो.
चुडामण म्हणाला, नाना, गाडी सोडा, अक्कांना पाहा. मी त्याला जॅक आणायला एरंडोलला पिटाळलं. जॅक आला. फरशीच्या वजनाने जॅकच मातीत गेला.

तोच दिवस, दुपार.
रावेरचा केळीचा ट्रक आला, धुळ्याकडे चाललेला. ड्रायव्हरने मला ओळखून थांबवला. मीच माल भरून द्यायचो त्याला. पाठीमागे पंधरा टन असतील आणि गाडी सरळ उभी! केबिनमध्ये सीटमागे झोपायची फळी असते, तिच्यावर बेबाबाईला ठेवलं. चुडामणने एकट्याने उचलली. त्याला म्हटलं, तू जा बरोबर, धुळ्याला अभिमनकडे सोड, अभिमन रात्रीच्या गाडीने मुंबईला नेईल.
मी थांबलो. कुणीतरी थांबायलाच हवं. पलंग, कपाट, गहू, अशी उघडी खोली रस्त्यावर टाकून कसं जायचं? सगळं तिच्यासाठीच तर आहे. ट्रक निघताना बेबाबाईने हात वर केला होता. बोलवत होती की निरोप घेत होती, उन्हात दिसलं नाही नीट. मी पण हात केला.
तिला सांगायचं राहिलं की दोन दिवसांत पाटा बदलून मी येतोच.

१० मार्च.
पाटेवाला आला नाही. गाडीत बसून आहे. ट्रक जातात, खोली हलते. पाण्याची टाकी भरलेली आहे, त्यामुळे गैरसोय नाही.
दुपारी चुडामण परत आला. एस.टी.ने. त्याच्या तोंडाकडे बघून मी आधी पाट्याचं विचारलं. पाटेवाला भेटला का म्हणून. तो रस्त्यातच खाली बसला.
अभिमनच्या ओट्यावर उतरवली तेव्हा होती. त्याने पाणी पाजलं. म्हणाली, ते आले का? रात्रीच्या गाडीत बसवण्यासारखी राहिली नव्हती. पहाटे गेली.

२७ मार्च. धुळे.
अभिमन इतके दिवस माझ्याशी बोलला नव्हता. क्रेनने इथे आणलेली गाडी बघायला आज स्वतः आला, कारण भंगारवाला यायचा होता. दारामागची पितळी पट्टी त्याने चष्मा लावून वाचली. म्हणाला, दाजी, एल बी एस म्हणजे पौंड. सोळा हजार पौंड म्हणजे सव्वासात टन. गाडी, पाणी, माणसं, सगळं धरून. एवढंच बोलला. माझ्याशी प्रमाण मराठीत बोलला, ऑफिसात बोलतात तसं.
मी म्हणणार होतो की अमेरिकेचा पत्रा आहे, त्यांचा हिशोब वेगळा असतो. म्हणालो नाही.
भंगारवाला म्हणाला, तुमचं घरचं सामान काढून घ्या, मी फक्त लोखंड-पत्र्याचे पैसे देतो. गव्हाची पोती काढली. कपाट काढलं, साड्या घडीच्या घडी. पलंग काढताना गादी उन्हात टाकली. बेबाबाई तिच्यावर रावेरपासून एरंडोलपर्यंत झोपली होती. माझ्या स्टुलाच्या फरशीवर चार खुणा पडल्यात. गादीवर खळगासुद्धा नाही. हाताने चाचपून पाहिलं, कुठेच नाही.
नवीच आहे म्हणून मी गादी ठेवून घेतली. भंगारवाल्याने गाडी ओढत काट्यावर नेली आणि मला हाक मारली, नाना, आकडा बघून घ्या. मी गादीपाशीच बसून राहिलो.