नर्सबाईचं वाक्य

लष्करी दवाखाना, १९४३

आयेस नाथाचा दंडवत.

मी मजेत हाय, पायाला जरा लागलंय. घाबरू नगंस. भुरी शेळी व्याली का?

हितली नर्सबाई आमा शिपायांना इंग्रजी शिकवती. जे आधी करायचो पण आता करत न्हाई, त्याला इंग्रज ‘यूज्ड टू’ म्हणत्यात. लई गंमत वाटली. शेजारचा गडी म्हणाला, ‘आय यूज्ड टू स्मोक.’ त्याची बिडी सुटलीय. मला बाई म्हणाली, ‘म्हण, आय यूज्ड टू क्लाइंब हिल्स.’ म्हंजी डोंगर चढायचो, आता न्हाई. म्या तवाच ह्ये पत्र लिवाया घेतलं.

माझी शेरडामागची काठी दाराशीच असू दे. तशीच अजून एक धाकट्या बाजीकडनं करून घे. डोंगर चढाया आता दोन लागत्याल.

वेल्ह्याच्या वाटंकडं डोळं लावून बसलेला,
तुझाच नाथा